कंपाइल होता होईना

आज परत तेच. नावांच्या दोन लांबलचक याद्या जुळवायच्यात, स्पेलिंग थोडंफार इकडचं तिकडे झालंय, त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं एक छोटंसं ओपन सोर्स मॉड्यूल (तयार कोडचं गाठोडं) मिळालं, तेही फुकट, आणि वर लिहिलेलं की पिप इन्स्टॉल एवढं टाइप करा की झालं (पिप म्हणजे पायथनची मॉड्यूलं आणून बसवणारं साधन). केलं टाइप. मग स्क्रीनभर मजकूर सरकत राहिला, आणि शेवटी काय तर 'कमांड जीसीसी फेल्ड'. जीसीसी म्हणजे कंपाइलर, सी भाषेतला कोड मशीनला चालेल अशा रूपात आणणारा, म्हणजेच कंपाइल करणारा प्रोग्राम. मी काही प्रोग्रामर नाही, बघून बघून कमांड टाइप करण्याइतपत येतं, त्यामुळे काहीतरी बिनसलंय एवढंच कळलं.

गंमत अशी की खरं कारण शेवटच्या ओळीत नसतंच, ते वर कुठेतरी मधेच दडून बसलेलं असतं: 'पायथन.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अरे पण पायथन तर मशीनवर आहे, आत्ताच चालवलं की! तर भानगड अशी आहे की वेगासाठी मॉड्यूलचा काही भाग सी भाषेत लिहिलेला असतो, तो आपल्याच मशीनवर कंपाइल होतो, आणि त्याला लागणाऱ्या हेडर फाइली (पायथनशी कसं जोडायचं ते कंपाइलरला सांगणाऱ्या, पायथन.एच त्यातलीच) लिनक्सवाले वेगळ्या पॅकेजात ठेवतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात त्याचं नाव पायथन३-डेव्ह, फेडोरा या दुसऱ्या प्रकारात तेच पायथन३-डेव्हल (एकच नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं देव जाणे). नुसतं पायथन चालवायला त्या फाइली लागत नाहीत म्हणून आधीपासून नसतात. पटलं. पण मग 'अमुक पॅकेज टाका' एवढं सरळ सांगायला काय होतं? विंडोजवर निदान व्हिज्युअल सी प्लस प्लस हवं असं स्पष्ट येतं, मग एवढ्याशा मॉड्यूलसाठी काही जीबी डाउनलोड करत बसायचं.

बरं, एकदाचं कंपाइल झालं तरी सुटका नाही. तयार झालेल्या फाइलीच्या नावातच सीपायथन-३११ असं असतं (सीपायथन म्हणजे नेहमीचंच पायथन), म्हणजे ती ३.११ पुरतीच. सिस्टिम अपग्रेड होऊन ३.१२ आलं की मॉड्यूल गायब, परत कंपाइल करा. त्यात २०२३ ला आलेल्या ३.१२ मधून डिस्टयूटिल्स, म्हणजे मॉड्यूल बांधून बसवायचं जुनं साधन, काढूनच टाकलंय, म्हणजे जुन्या सूचना वाचून मॉड्यूलसोबत येणारी सेटअप.पाय ही इन्स्टॉलची स्क्रिप्ट थेट चालवायला गेलं तर ते तिथेच आपटतं, आधी त्याच्या जागी चालणारं सेटअपटूल्स वेगळं टाकावं लागतं. आगीतून फुफाट्यात.

बनवणाऱ्यांवर राग नाही माझा. तयार कंपाइल केलेली फाइल, म्हणजे व्हील, द्यायची तर विंडोज, मॅक, लिनक्स, त्यात प्रोसेसर इंटेल की एआरएम, त्यात पायथनचं व्हर्जन, प्रत्येकासाठी बहुतेक वेळा वेगळी करावी लागते, आणि हे सगळं एखादा माणूस नोकरी सांभाळून रात्री करतो. २०१६ पासून मेनीलिनक्स हा लिनक्सच्या व्हीलसाठीचा सामायिक नियम आलाय, त्यामुळे बऱ्याच डिस्ट्रोंना (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांना) मिळून एकच व्हील चालते, तेवढं तरी बरं झालं. फक्त 'सोर्स दिलाय ना, घ्या स्वतः करून' असं कोणी म्हटलं की डोकं फिरतं, कारण ते करून घेणं येत असतं तर मी विचारायला कशाला आले असते!

सध्या ओन्ली-बायनरी हा पर्याय लावूनच पिप चालवते, म्हणजे व्हील नसेल तर ते कंपाइलच्या वाटेला जातच नाही, सरळ नाही म्हणतं. डाउनलोडच्या यादीत नुसती टार.जीझेड (म्हणजे फक्त सोर्सची फाइल) दिसली की दुसरं मॉड्यूल शोधायचं. याद्यांचं काम अजून अर्धंच झालंय, उरलेलं बहुतेक डोळ्यांनीच जुळवेन.