तुम्ही विचारलंत म्हणून: रायफलसाठी कोणता राउंड घ्यावा?

रेंजवर नव्याने येणारे नेमबाज आणि त्यांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, कोणते कॅलिबर चांगले, आणि त्यातला कोणता राउंड घ्यावा?" कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून नेमबाजी) ऑलिंपिक कांस्यपदक मिळवल्यापासून तो अधिकच विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास आणि राउंड म्हणजे काडतूस.

कॅलिबरची निवड बरीचशी स्पर्धेच्या नियमांनीच करून ठेवलेली असते. 10 मीटरला 4.5 मिलिमीटरच्या छऱ्याची एअर रायफल आणि 50 मीटरला 5.6 मिलिमीटरचे रिमफायर (बुडाच्या काठावर आघात होऊन पेटणारे) काडतूस, म्हणजे आपली पॉइंट टू-टू, वापरावी लागते. 300 मीटरला मात्र 8 मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही कॅलिबर चालते आणि तिथली तुलना खरोखर शिकण्यासारखी आहे. पूर्वी या अंतरावर 7.62 मिलिमीटरची लष्करी वळणाची काडतुसे सर्रास वापरली जात. पुढे अनेक अव्वल नेमबाज 6 मिलिमीटरच्या 'बीआर' (बेंच रेस्ट) काडतुसाकडे वळले. त्याची साधारण 105 ग्रेनची (सुमारे 6.8 ग्रॅमची) लांबट गोळी वाऱ्याला चांगली तोंड देते आणि खांद्याला बसणारा धक्का बराच कमी असल्यामुळे प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून, साठ गोळ्या झाडल्यानंतरही नेमबाजाची बैठक ढळत नाही. कॅलिबर जितके मोठे तितका नेम अचूक, हा समज मनातून काढून टाकावा असे मला कळकळीने वाटते.

आता पॉइंट टू-टूकडे वळतो, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना तीच घ्यायची असते. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि त्यापुढची प्रत्येक रिंग त्रिज्येने 8 मिलिमीटरने वाढत जाते. अशा ठिकाणी वेगवान गोळी उपयोगी पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु वस्तुस्थिती उलट आहे. मॅच दर्जाची 40 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 320 ते 330 मीटर वेगाने, म्हणजे मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवून, सोडलेली असते. 'हाय व्हेलॉसिटी' राउंड सुमारे 380 मीटर वेगाने निघतो. मात्र ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अवरोध एकदम वाढत असल्यामुळे तो वाटेत वेग फार झपाट्याने गमावतो. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल हे या गमावलेल्या वेगावर अवलंबून असते, त्यामुळे तीच गोळी वेगाने सोडली तर वाऱ्याने अधिक ढकलली जाते. मॅच राउंडसुद्धा सेकंदाला एक मीटरच्या झुळकेने 50 मीटरवर सहा-सात मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ एक रिंग जाते. हाय व्हेलॉसिटी राउंड स्वस्त मिळाला तरी रेंजसाठी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

वेग किती आहे यापेक्षा तो प्रत्येक गोळीला किती सारखा आहे, ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, तर 50 मीटरवर दुसरी गोळी सात-आठ मिलिमीटर खाली किंवा वर लागते. वारा नसताना, पकड आणि श्वास बिनचूक असताना ग्रुप, म्हणजे टार्गेटवरील छिद्रांचा पुंजका, उभा ताणलेला दिसू लागला, तर राउंडकडे संशयाने पाहावे. एली टेनेक्स, लापुआ एक्स-ॲक्ट किंवा आरडब्ल्यूएस आर-50 यांसारख्या महागड्या राउंडसाठी जो पैसा मोजला जातो, तो मुख्यतः या सारखेपणासाठी.

तरीही महाग राउंड आपल्या बॅरलला (नळीला) मानवेलच असे नाही, कारण प्रत्येक बॅरलचा स्वभाव निराळा असतो आणि एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही (एका वेळी तयार झालेल्या साठ्यांमध्येही) फरक पडतो. म्हणून खोक्यावरचे नाव वाचून थांबू नका. लॉट क्रमांक वाचा. चाचणी घेताना रायफल क्लॅम्पमध्ये किंवा निदान भक्कम आधारावर ठेवावी, शक्यतो वारा नसलेल्या सकाळच्या वेळी. राउंड बदलला की आधीच्या राउंडच्या मेणाचा थर नळीत असतो, त्यामुळे पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजमापात धरू नयेत. त्यानंतर दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप घ्यावेत आणि लॉटची पारख त्यांतल्या सर्वांत वाईट ग्रुपवरून करावी. सर्वांत चांगला ग्रुप मनाला सुखावतो, पण स्पर्धेत गुण जातात ते फटकून गेलेल्या गोळीमुळे. छिद्रांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेला दहा गोळ्यांचा ग्रुप 15 मिलिमीटरच्या आसपास राहिला, तर तो लॉट निःशंक घ्यावा. 20 च्या वर जात असेल, तर मॅचसाठी तो सोडून द्यावा.

ज्या मुलामुलींचा स्वतःचा ग्रुप अजून आठच्या रिंगमध्ये पसरतो, त्यांच्या पालकांनी टेनेक्ससाठी पैसे घालू नयेत. एसके स्टँडर्ड प्लस किंवा त्याच तोलामोलाचा राउंड त्यांना पुष्कळ काळ पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत कितीतरी अधिक गोळ्यांचा सराव होतो. त्या वयात गोळ्यांची संख्या महत्त्वाची असते. राज्य किंवा राष्ट्रीय निवड चाचणीत गुणांची चुरस दशांशावर आली, की मग लॉट तपासून घेण्याचा खर्च सार्थकी लागतो.

चांगला लॉट सापडला, तर परवान्यात बसेल आणि खिशाला झेपेल तेवढा तो एकदमच घ्यावा, कारण तोच क्रमांक पुन्हा मिळण्याची शाश्वती नसते. खोकी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात बंद डिकीत गोळीवरचे मेण मऊ होते, बोटांना लागते आणि त्याला धूळ चिकटते. तीच धूळ पुढे चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, जाते. मॅचच्या आदल्या दिवशी खोकी रेंजच्या तापमानाला येऊ द्यावीत आणि सराव-फेरीच्या गोळ्याही त्याच लॉटच्या झाडाव्यात.