रामटेकच्या खिंडसी तलावावर कयाक नेताय? पुढची-मागची दोरी बांधली का?

पाऊस उघडला की रविवारी सकाळी ऑटोमोटिव्ह चौकातून रामटेककडे निघालेल्या एखाद्या गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, दिसते आणि मला इतका आनंद होतो काय सांगू, आपल्या नागपुरात पण लोक हे करून राहिले! पण ती गाडी सिग्नलला शेजारी येऊन थांबली की माझी नजर आधी बोनेटकडे जाते आणि तिथे दोरीच नसते. मधे दोन पट्टे आवळलेले, बस. तेवढ्यानं भागत नाही भाऊ, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

पट्टे कयाकला कॅरियरशी, म्हणजे टपावरच्या दोन आडव्या दांड्यांशी, बांधतात, पण कॅरियरला गाडीशी कोणी धरलंय? चार क्लॅम्पनी. एक क्लॅम्प सैल झाला की कयाक कॅरियरसकट उडते, आणि मागे येणाऱ्या बाईकवाल्यानं काय करायचं? त्यात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरचे रूफ रेल (टपाच्या कडेचे उभे दांडे) नुसते शोभेचे असतात, त्यांच्यावर वजन घ्यायचंच नसतं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण ते उघडून कोण पाहते. तुम्ही पाहा. टपावर किती किलो चालतं ते तिथे असतं आणि त्या आकड्यात कॅरियरचं वजनही धरायचं.

तसं एका माणसाची प्लास्टिकची कयाक 20-25 किलोच्या आसपास असते, म्हणजे वजनाचं टेन्शन फार नाही, टेन्शन हवेचं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, 40 वर जे शांत बसलं होतं तेच 80 वर उचलायला लागते, आणि कामठीच्या पुढे मोठा ट्रक बाजूनं गेला की जो झपकारा बसतो तो आडवा असतो. मी स्वतः 80 च्या वर जात नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

आता पट्टे. कॅम बकलचे घ्या, म्हणजे अंगठ्यानं दाबून सोडायचे आणि हातानं ओढायचे. रॅचेट बेल्ट (हँडल वर-खाली करून आवळायचा पट्टा) नको, त्याच्या हँडलमध्ये एवढा जोर असतो की कयाकचा तळ दबला तरी हाताला कळत नाही. हुकवाली रबरी दोरी तर अजिबात नको, ती ताणली जाते, हवेला तेच पाहिजे असतं. नायलॉन ओला झाला की सैल पडतो, म्हणून पट्टा पॉलिएस्टरचा बरा. बकल या बाजूला कयाकच्या कडेशी ठेवा, मोकळं टोक वरून पलीकडे टाका, तिकडे दांड्याच्या खालून घ्या, परत वरून इकडे आणा, इकडच्या दांड्याखालून काढा आणि मग बकलमध्ये. पट्टा नेहमी कॅरियरच्या पायाच्या आतल्या बाजूनं गेला पाहिजे, म्हणजे दांड्यावरून सरकून बाहेर निघणार नाही. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर हवेत असा घुमतो की गाडीत बोलता येत नाही. उरलेलं टोक गुंडाळून बांधून टाका. झालं की कयाक धरून हलवा, अख्खी गाडी हलली पाहिजे, एकटी कयाक नाही.

कयाक नुसत्या दांड्यांवर असेल तर पालथी ठेवा, वरची बाजू तळापेक्षा कडक असते. कनू (वरून उघडी असते ती होडी) तर पालथाच बांधतात, कडांवर.

आणि आता त्या दोऱ्या, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. कयाक 10 फुटांची आणि गाडी त्याहून लांब, म्हणून पुढची दोरी नाकापासून तिरपी पुढे खाली येते आणि मागची तिरपी मागे जाते. मधेच गाय आली आणि करकचून ब्रेक मारला तर कयाक पुढे सुटते, तेव्हा तिला धरते ती मागची दोरी! पट्टे फक्त दाबून ठेवतात, पुढे-मागे सरकण्याला ते कमी पडतात. दोरी बंपरच्या प्लास्टिकला बांधू नका. जॅकच्या सामानात टो हुक (गाडी ओढायचा हुक) असतो, बंपरवरचं झाकण काढून तो फिरवून बसवायचा (काही गाड्यांत आटे उलटे असतात), किंवा बोनेटखाली बोल्टला पट्टीचा फास लावून घ्यायचा आणि बोनेट लावून तो बाहेर काढायचा.

गाठ कोणती म्हणाल तर वाडीला ट्रान्सपोर्टवाले ताडपत्री आवळताना मारतात ना, तीच. दोरीच्या मधे एक फास घ्यायचा, टोक खाली हुकातून फिरवून वर त्या फासातून काढायचं आणि खाली ओढायचं, जोर आपोआप वाढतो, मग दोन अर्ध्या गाठी. त्यांच्याकडून शिका खरंच, पाच मिनिटांत हातात बसते. पण दोरी ताठ झाली की थांबा, आणखी ओढली तर कयाक वाकते. उरलेली दोरी लोंबकळत ठेवू नका, पुढच्या चाकात गेली तर संपलं.

आपल्या उन्हाचं वेगळंच आहे. मे महिन्यात 45 डिग्रीत गाडी उभी केली की प्लास्टिक मऊ पडतं आणि आवळलेल्या पट्ट्याखाली खड्डा पडतो, म्हणून जेवायला थांबलात तर सावली शोधा, पट्टे जरा सैल करा, आणि निघताना न विसरता परत आवळा. पावसाळ्यात कॉकपिट (बसायची जागा) उघडी वर असेल तर कव्हर लावा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

कायद्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ठरलेल्या मर्यादेबाहेर सामान निघालं तर 20,000 रुपये दंड आहे. आणि कयाक टपावर आहे हे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरताना लक्षात असू द्या.

निघाल्यावर कामठी यायच्या आधी एकदा गाडी बाजूला घ्या. पट्टे आणि कयाक दोन्ही तोवर बसलेले असतात, थोडा ढिलेपणा निघतोच. मग मनसरला एकदा हात लावा. खिंडसीला उतरवताना आधी पुढच्या-मागच्या दोऱ्या सोडा, आणि तलावावरून वारा येत असेल तर दुसरा माणूस कयाकला हात लावून उभा राहीपर्यंत शेवटचा पट्टा काढू नका.