चालू मशीन उचलताना

आज दिवसभर एकच काम: चालू व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा संगणक) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर, बंद न करता. केव्हीएमवर, म्हणजे अशी मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर.

मुख्य गोम मेमरीची. आधी सगळी पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, कॉपी होतात. तेवढ्या वेळात मशीन काही पानांवर पुन्हा लिहितं, मग तेवढीच परत पाठवायची. असं करत उरलेली पानं क्षणभरात जातील एवढी कमी झाली, की मशीन थांबतं, शेवटचा गठ्ठा जातो आणि ते पलीकडे जागं होतं. क्यूएमूत (केव्हीएमसोबत मशीन चालवणारा प्रोग्राम) या थांब्याची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद.

घोडं अडतं ते सतत मेमरीत लिहिणाऱ्या डेटाबेसपाशी. १ गिगाबिटच्या लिंकवरून सेकंदाला जेमतेम १२५ एमबी जाणार. मशीन त्याहून वेगानं मेमरी बदलत असेल तर टक्केवारी ९५ वर जाते, पुन्हा मागे येते, हे चालूच राहतं. ऑटो-कन्व्हर्ज हा पर्याय लावला की मशीनचा सीपीयू मुद्दाम मंदावतो आणि काम उरकतं. वापरणाऱ्यांना मात्र ते जाणवतं. पोस्ट-कॉपी, म्हणजे मशीन आधी पलीकडे सुरू करून उरलेली पानं मागून आणणं, हमखास संपतं, पण मध्येच नेटवर्क तुटलं तर मशीन अडकून पडतं आणि जोडणी परत आली नाही तर गेलंच. त्यापेक्षा १० गिगाबिटची वेगळी लिंक टाकलेली बरी. ६४ जीबीची पहिली फेरी मिनिटाभरात.

डिस्क दोन्ही सर्व्हरना दिसणाऱ्या सामायिक स्टोरेजवर, तिचा कॅशे ‘नन’, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीत डिस्कची प्रत न ठेवता. सीपीयू मॉडेल ‘होस्ट-पासथ्रू’ (सर्व्हरचा प्रोसेसर मशीनला जसाच्या तसा दाखवणं) ठेवलं असेल आणि पलीकडचा प्रोसेसर जुना असेल, तर मशीन तिकडे कोसळू शकतं. दोघांना झेपेल असं मॉडेल आधीच द्यावं.

आणि हो, मशीनच्या सीडी ड्राइव्हमध्ये विसरलेली आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपी प्रत)! ती पलीकडे नसते, आणि सगळं तिथंच अडतं.