शॉकअप संगणकाचे, वजन आपलं

साइड-बाय-साइड घ्यायची ठरली तेव्हा बायकोची अट एकच होती: मागच्या सीटवर बसून मान दुखायला नको. तिला मानेचा जुना त्रास आहे, आणि धाकटी मुलगी लहान असल्यामुळे मागे तिच्याशेजारी कुणीतरी मोठं बसणं भाग होतं.

ही गाडी भारतात फारशी दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. वाळूत आणि खडकांवर फिरायची गाडी, जीपपेक्षा हलकी, दारं नावापुरती, डोक्यावर पाइपांचा पिंजरा, इंजिन सीटच्या मागे. चाकं दीड-दोन फूट वरखाली होऊ शकतील एवढे लांब शॉकअप. आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. इथून दक्षिणेला दोनेक तासांवर लिटल सहारा नावाचे वाळूचे डोंगर आहेत, पुढे सॅन राफेल स्वेल, आणखी पुढे मोआबचे खडक. युटात 2023 पासून सार्वजनिक जमिनीवर अशी गाडी चालवायची तर मोठ्या माणसांनाही एकदा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि अठरा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. ते सगळं सहज पार पडलं. खरं काम गाडी हातात आल्यावर सुरू झालं.

मानेच्या अटीमुळेच आम्ही इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनवाली चार आसनी गाडी शोधली आणि एका गृहस्थाकडून वापरलेली घेतली. या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक शॉकअपवर विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. शॉकअपमधलं तेल किती सहज वाहू द्यायचं ते तो ठरवतो. त्याला हुकूम देणारा संगणक गाडीचा वेग, स्टिअरिंगचा कोन, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि गाडीचं डोलणं मोजणाऱ्या सेन्सरकडून माहिती घेतो. ब्रेक दाबला की पुढचे शॉकअप कडक होतात, म्हणजे नाक खाली जात नाही. वळणावर बाहेरच्या बाजूचे कडक होतात. गाडी उडाली तर जमिनीवर टेकायच्या आत चारही कडक. अशा गाड्या बनवणाऱ्या पोलारिस कंपनीने 2018 च्या मॉडेलमध्ये डायनॅमिक्स नावाचं असं सस्पेन्शन आणलं तेव्हा हा हिशोब सेकंदाला 200 वेळा होतो असं सांगितलं होतं, पण त्यात फक्त शॉकअप दाबला जातानाचा विरोध बदलत होता. कॅन-ॲम या दुसऱ्या ब्रँडच्या 2021 च्या स्मार्ट-शॉक्समध्ये परत उघडतानाचा विरोधही संगणकाच्या ताब्यात गेला, आणि पुढे पोलारिसनेही ते केलं. मागे बसणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. खड्ड्याचा धक्का सोसतो, पण खड्ड्यातून बाहेर पडताना स्प्रिंग सुटून सीट खालून वर फेकते, तेव्हा मान झटकते. आम्ही दोन्ही बाजूंनी नियंत्रण असलेलीच गाडी घेतली.

पुढच्या सीटवर ती पहिल्या दिवसापासून सुरेख होती. मागे तसं नव्हतं. चौघं जण, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, तंबू आणि सुटं चाक एवढं भरलं की कम्फर्ट मोडमध्ये, म्हणजे शॉकअप मऊ ठेवणाऱ्या सेटिंगवर, खोल खड्ड्यात मागची बाजू तळाला जाऊन ठण्णकन आदळायची. मोड कडक केला तर आदळणं थांबायचं, पण बारीक खडी थेट पाठीच्या कण्यात जाणवायची. मधलं काही सापडत नव्हतं.

पुण्याच्या कॉलेजातला माझा एक सीनियर मिशिगनमध्ये गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. आम्ही त्याला तेव्हापासून दादाच म्हणतो. त्याला फोन केला. त्याने मोडबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पहिला प्रश्न, "भरलेली गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहते? मोजलीस?" आणि मग, "अरे, तो संगणक तेल हाकतो, स्प्रिंग नाही. वजन उचलायचं काम अजून लोखंडाचंच आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. शॉकअपमधलं तेल विरोध करतं तो हालचालीला. गाडी उभी असताना ते जवळजवळ काहीच ताकद लावत नाही, व्हॉल्व्ह कितीही मिटला तरी. म्हणजे गाडी किती उंच उभी राहणार हे सर्वस्वी स्प्रिंग आणि वजन ठरवतात. मागची बाजू आधीच बसलेली असेल तर चाकाला वर यायला जागाच उरत नाही, आणि उरलेल्या चार-पाच इंचांत संगणकाने काय म्हणून करावं? असे शॉकअप ऊर्जा फक्त शोषू शकतात, गाडीला वर ढकलू शकत नाहीत, म्हणून त्यांना अर्धसक्रिय म्हणतात. कार्नोप नावाचे अभियंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये यामागचा विचार मांडला: शॉकअपचं वरचं टोक जणू आकाशाला टांगलंय असं समजून विरोध ठरवायचा, म्हणजे चाक हवं तसं नाचेल आणि माणूस स्थिर राहील. कल्पना इतकी देखणी आहे की मी तो निबंध शोधून वाचला. पण आकाशाला टांगलेल्या त्या शॉकअपलाही खाली योग्य स्प्रिंग लागतेच.

मग एका शनिवारी गॅरेजमध्ये मोजमाप सुरू केलं. आधी टायरची हवा गाडीच्या माहितीपुस्तकात दिली आहे तेवढी, कारण टायर बसला असेल तर बाकीची सगळी मापं चुकतात. मग गाडीत खरोखरचं वजन: बायको, मुलं, भरलेली टाकी, पाणी, सामान. सपाट काँक्रीटवर चेसिसच्या तळापासून जमिनीपर्यंत चारही कोपऱ्यांत टेप लावला. मागची बाजू पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन इंचांहून जास्त खाली होती. आधीचे मालक बहुतेक वेळा एकटेच फिरायचे, त्यांनी स्प्रिंग त्यांच्या हिशोबाने लावली होती. त्यांच्यासाठी ती बरोबरच होती.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बरीच माणसं इथेच अडकतात. गाडी जॅकवर उचलून खाली ठेवली की चाकं आत ओढलेली राहतात, टायर जमिनीला धरून बसतात आणि गाडी खोटी उंच दिसते. प्रत्येक वेळी तिला दहा-पंधरा फूट पुढेमागे ढकलून मगच मोजायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून ती किती वेळा ढकलली असेल त्याला गणती नाही, मुलांना तर तोच खेळ झाला.

स्प्रिंगला वरून दाबून धरणारी रिंग फिरवण्याआधी शॉकअपवरचे आटे ब्रशने स्वच्छ केले. वाळू अडकलेली असताना पाना लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. चाकं हवेत असताना डावी-उजवीकडची रिंग सारखेच फेरे फिरवायची, खाली उतरवायची, ढकलायची, मोजायची. रिंग घट्ट केल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते, आणि तेवढीच चाकाची खाली लोंबायची जागा कमी होते. म्हणून वाटेल तितकी घट्ट करून चालत नाही. आमची पुस्तकातल्या आकड्याला पोचली, पण आटे संपत आले होते. जास्त कडक मागच्या स्प्रिंगा घ्याव्या लागणार हे तिथेच कळलं.

त्या स्प्रिंगा येईपर्यंत दुसरं काम केलं. अशा गाड्यांत एकावर एक दोन स्प्रिंगा असतात. समजा वरची 150 पौंड प्रति इंच (म्हणजे एक इंच दाबायला 150 पौंड लागतात) आणि खालची 300, तर दोन्ही मिळून 100 चं काम करतात, कारण दोन्ही एकदम दबतात. त्यांच्यामधला सरकता तुकडा शॉकअपवरच्या दुसऱ्या एका रिंगला टेकला की वरची बाद होते आणि उरते फक्त 300 वाली. खड्डा खोल गेला की गाडी एकदम कडक होते ती यामुळे. ती टेकायची जागा आम्ही थोडी अलीकडे आणली. क्रम मात्र महत्त्वाचा आहे: आधी उंची, मग ही रिंग, कारण उंची बदलली की मधलं अंतरही बदलतं.

नव्या स्प्रिंगा बसवल्यावर लिटल सहाराकडे जाणाऱ्या एका मातीच्या रस्त्यावर चाचणी घेतली. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होता. कोरड्या मातीवर चाकं एका वेगापुढे गेली की अशा लाटा आपोआप उमटतात, आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवलं की त्यासाठी सस्पेन्शनचीही गरज नसते. तोच तुकडा, तोच वेग, एका फेरीला एकच बदल. मागे बसून बायको वहीत लिहीत होती. फोनच्या ॲपनेही धक्के नोंदवले, पण निर्णय आम्ही तिच्या वहीवर घेतले. कम्फर्ट मोडमध्ये तिने पहिल्यांदाच "ठीक" असा शेरा दिला. तोच मोड, तोच संगणक, व्हॉल्व्हमध्ये काडीचाही बदल नाही. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. गाडी योग्य उंचीवर उभी राहिल्यावर त्या संगणकाला त्याचं काम करायला जागा मिळाली.

मध्ये एकदा डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा लागला आणि मागचा एक कोपरा दगडासारखा झाला. शॉकअपकडे जाणारी वायर एका कडेला घासून उघडी पडली होती. ती बदलली, नवी वायर जाळीदार नळीतून नेली आणि चारही कनेक्टर उघडून बारीक धूळ साफ केली. साध्या शॉकअपला ही काळजी लागत नाही. इलेक्ट्रॉनिक घेणाऱ्याने दर सहलीनंतर वायरींवर हात फिरवून बघायला हवं, एवढं मी ठासून सांगेन.

मोआबला हेल्स रिव्हेंजच्या वाटेवर वेगळंच दिसलं. तिथे नवाहो वालुकाश्माचे गुळगुळीत, उभे चढउतार आहेत आणि वेग माणसाच्या चालीइतका. चढताना मऊ मोड चांगला, चाकं खडकाला चिकटून राहतात. उतरताना मात्र मी कडक मोड लावतो, म्हणजे सगळं वजन एकदम पुढे झुकत नाही. बायको मागे शांत बसली होती, आणि अर्ध्या वाटेत तिने चक्क गाडी चालवायला मागितली.

आता हिवाळ्यात शॉकअप सर्व्हिसला पाठवले आहेत. सील आणि तेल बदलून शॉकअपमधला नायट्रोजन वायू पुन्हा भरायचं काम घरी करण्यासारखं नाही, तो वायू मोठ्या दाबाखाली असतो. काढताना आधी कनेक्टर सोडले, म्हणजे शॉकअपचं वजन वायरीवर येत नाही. प्रत्येक स्प्रिंगच्या रिंगवर रंगाची खूण केली आणि वरचे किती आटे दिसतात ते त्याच वहीत लिहून ठेवलं. सर्व्हिसला स्प्रिंग उतरवावीच लागते, त्यामुळे शॉकअप परत आले की टायरच्या हवेपासून सगळी मापं पुन्हा घ्यायची आहेत.