लिंक द्यायलाही अर्ज

पावसाळ्यात आमच्या गावभागात एकच चौकशी असते: आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ. पण कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीची पातळी काय, पाऊस किती, ही माहिती वेगवेगळ्या वेबसाइटवर विखुरलेली. २०१९ च्या महापुरात व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी माणसं हैराण झाली होती. म्हणून मंडळासाठी एक पेज करायचं ठरवलं. आपले आकडे टाकायचेच नाहीत, फक्त मूळ ठिकाणांच्या लिंक.

खजिनदार काका म्हणाले, "आधी त्यांचे नियम वाच बाबा. मंडळावर काही यायला नको."

वाचले. सरकारी वेबसाइटसाठी एनआयसीने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, केलेली मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यात हायपरलिंक धोरण, म्हणजे लिंक देण्याबाबतचे नियम, असावं असं सांगितलंय. त्यामुळे बहुतेक वेबसाइटच्या तळाशी ते सापडतं. भाषा साधारण दोनच साच्यांची. पहिला साचा उदार: थेट लिंक द्या, परवानगी नको, फक्त आम्हाला कळवा आणि आमची पानं तुमच्या फ्रेममध्ये उघडू नका. दुसऱ्यात पूर्वपरवानगी हवी, तीही तुमच्या पेजवर काय मजकूर आहे आणि लिंकचे नेमके शब्द काय, हे लिहून. कुठल्या खात्याने कुठला साचा का घेतला, देव जाणे.

फ्रेमची अट मला पटली. पाणीपातळीचा तक्ता आमच्याच पेजच्या चौकटीत दाखवायचा विचार होता, तो सोडला. तिथं आकडा कुणाचा हे वाचणाऱ्याला कळत नाही. पण साध्या लिंकला परवानगी? मजकूर त्यांच्याकडेच राहतो, आपण फक्त वाट दाखवतो. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१४ मध्ये स्वीडनच्या पत्रकारांच्या खटल्यात म्हटलं, की सगळ्यांना खुल्या असलेल्या मजकुराला लिंक द्यायला हक्कदाराची परवानगी लागत नाही.

ओळखीच्या वकीलसाहेबांनी मात्र सावध केलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये लिंक पुरवण्यासाठी होणाऱ्या तात्पुरत्या साठवणीला सूट मिळाली, पण हक्कदाराने स्पष्ट मनाई केलेली नसेल तरच. "मनाई लिहिलेली दिसली की विचारून घ्या. अर्जाला काय पैसे पडतात?"

म्हणून दुसऱ्या साच्याच्या कार्यालयाला ईमेल केला. वेबसाइटवरचा पत्ता बंद, ईमेल परत. फोन लावला तर पलीकडून, "लिंक म्हणजे? जाहिरात करायचीय का?" पूर, मंडळ, पाणीपातळी असं सगळं सांगितल्यावर बाईंनी साहेबांचा ईमेल दिला. लिंकचे शब्द लिहून पाठवले: 'आजची पाणीपातळी, मूळ तक्ता'. उत्तर दोन ओळींचं आलं. हरकत नाही, बोधचिन्ह वापरू नये, कार्यालयाचा मंडळाशी संबंध आहे असं भासवू नये. पुढे त्या तक्त्याचा पत्ता बदलला तेव्हा त्याच साहेबांनी आपणहून कळवलं. लिंक दिल्याचं कळवण्याचा फायदा तेव्हा दिसला. परवानगीचं प्रयोजन मला अजून कळलेलं नाही.

अडलं ते एका खासगी हवामान कंपनीपाशी. तिची अट अशी की लिंक फक्त होमपेजची द्या, आतल्या पानाची नको. आता रात्री अकराला पाणी चढत असताना आजीबाईंनी होमपेजवरून सांगली शोधत बसायचं का? तसं लिहून विचारलं, उत्तर नाही. शेवटी ती लिंकच काढून टाकली. पावसाच्या अंदाजाला हवामान खातं आहेच.