अर्ध्या सुताची गोष्ट

आज तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण, आणि नंदीची झूल मी केलेल्या धाग्यांच्या पेटीत तळाच्या खणात अडकलेली. खण उघडेना. चिमणी पाच मिनिटं थांबली, मग "राहू दे ना मावशी" म्हणत तसाच उघडा नंदी घेऊन बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ-पैसे, मागायला गेली. हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात लाकूड फुगून खण अडतो, हे मला माहीत होतं. दुपारपासून डोक्यात एवढंच फिरतंय. माहीत नसतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं.

सागवान लांबीत फुगत नाही, रुंदीत फुगतं. खणाच्या पट्ट्यांचे रेषे आडवे, म्हणून पट्टी वरच्या अंगाला वाढते. पेटीच्या बाजूंचे रेषे उभे, म्हणून खणाची जागा होती तेवढीच राहते. खण अडतो तो डोक्याला. लोक मात्र डावी-उजवी बाजू घासत बसतात.

पेटी केली मे महिन्यात, मागच्या खोलीत. पारा 45 ला टेकलेला, दुपारच्या हवेत ओल 20 टक्क्यांच्याही खाली. कूलर हॉलमध्ये; तिथे काम केलं असतं तर लाकडाला थोडी तरी ओल मिळाली असती. ढोबळमानानं लाकडातली ओल तेव्हा 7 टक्के धरा, आता 14. सपाट चिरलेलं सागवान ओलीच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत सुमारे 0.19 टक्के वाढतं. म्हणजे 150 मिमीची पट्टी 2 मिमी वाढणार. खणांमधली 20 मिमीची आडपट्टी पाव मिमी वाढते, ते वेगळंच. आणि मी फट सोडली अर्धं सूत (सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दीड मिमीच्या जराशी वर. पाचही खणांना तेवढीच.

सगळ्यांना सारखीच. हेच बोचतंय. वरचे तीन खण 50 मिमीचे, भरतकामाच्या लडींचे. ते आजही बोटानं सरकतात. चौथा 100 चा, तो घासत येतो. पाचवा ठप्प. फट खणाच्या उंचीच्या हिशेबानं सोडायची, हे दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय मी. धाग्यांचीच पेटी, आणि सुताचं सूत जुळलं नाही.

मिस्त्री म्हणाले होते, "काहून घाई करून राहिल्या ताई? लाकडाला एक पावसाळा तर पाहू द्या." मी ऐकलं नाही. लकडगंजहून फळ्या आणल्या तेव्हा सोबत कोण होतं, ते आज नको.

मूठ धरून हिसकाही मारला. तो मारायचा नसतो. पुढची फळी सांध्यातून सुटते आणि खण आतच राहतो. चौथा काढून वरून हात घालावा तर मध्ये धूळ अडवायला प्लाय टाकलेला. शहाणपणाचा तेवढा भाग चोख केलाय! पाठ उघडेपर्यंत पोर थांबणार थोडीच.

एवढ्यात गल्लीतून कोणीतरी "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गेलं आणि मला हसूच आलं. ओल काही मारबतीचा पुतळा नेणार नाही. आणि खरं सांगायचं तर खण बसवायचा महिना हाच. लाकूड फुगून बसलंय तेव्हा रंधा मारला की पुढच्या पावसात अडत नाही. उन्हाळ्यात बसवलेलं सगळं अंदाजाचं.

पाठीचा प्लाय बारा स्क्रूंवर आहे, फेविकॉल नाही. संध्याकाळी काढला आणि खण मागून ठोकळा लावून ढकलला. पट्टीच्या वरच्या कडेला जिथे घासलं तिथे चकाकी आलीय. रंधा टोकांकडून मधे आणायचा, नाहीतर पुढच्या फळीची कड फुटते. दीड मिमी काढलं. उघड्या कडेला चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात. तेल आत नको, धाग्यांना वास धरतो आणि चिकटतं. मग सरकपट्टीवर मेणबत्ती. चौथ्याचंही अर्धा मिमी काढलं, लगे हाथ.

झूल दमट झालीय, दोरीवर टाकली. खणाच्या तळाला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: मे महिन्यात वर 3 मिमी फट दिसेल. हात लावायचा नाही.