मेगाब्लॉकच्या रविवारी लिनक्स

मेगाब्लॉक असूनही आज दादरला आमच्या लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) ग्रुपची बैठक भरली. डोंबिवली-पनवेलवाले घामाघूम होऊन, पण आले.

विषय पुढच्या इन्स्टॉल कॅम्पचा, म्हणजे लोकांच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देण्याचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून 'लॅपटॉप भंगारात काढू का?' असं विचारणारे वाढलेत. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जुन्या मशीनमध्ये बरेचदा ते नसतं. बाकी मशीन ठणठणीत!

एक निवृत्त शिक्षिका, शेजारच्याच बिल्डिंगमधल्या काकू, लॅपटॉप घेऊनच आल्या. ४ जीबी रॅम, बिजागरीला सेलोटेप. पेनड्राइव्हवरून मिंट या लिनक्सची एक्सएफसीई (हलकी) आवृत्ती लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून दाखवली. वायफाय लागलं, आवाज आला, काकू ढिम्म. "मराठी टाइप होतं का?" इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट) जोडून दिला. त्यांनी मुद्दाम 'दुसऱ्या' लिहून बघितलं. शिफ्ट दाबून जे, आणि ऱ झोकात उमटला. "हं, आता टाका." त्याआधी नातवाचे फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर काढून घेतले, हे सांगायला नकोच.

मग वाद. ३२-बिट, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरची, मशीन आली तर? डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) १३मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही, म्हणून तूर्त डेबियन १२ ठेवायचं ठरलं. आर्चवाल्याने आर्च (नवख्यांना जड जाणारं लिनक्स) सुचवलं. (एक असतोच.) त्याला चहा आणायला पाठवलं.

आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइल्स) आधीच डाउनलोड करून ठेवणार, हॉलच्या नेटवर भरवसा नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कमी पडताहेत. कोणाकडे असतील तर कमेंटमध्ये सांगा.